दीड स्टार दिला आणि ग्रुपमधून काढलं

‘ताई, मी सांगलीला राहते, वय २४. नोकरी सांभाळून यूट्यूबवर मराठी सिनेमांबद्दल बोलते. सबस्क्रायबर अठरा हजारांच्या आसपास. दोनेक वर्षं पुण्यातल्या प्रेस शोची, म्हणजे समीक्षकांसाठीच्या आगाऊ खेळांची, निमंत्रणं यायची. मागच्या महिन्यात एका मोठ्या बॅनरच्या सिनेमाला मी दीड स्टार दिला. दुसऱ्या दिवशी पीआर एजन्सीतल्या मुलीचा मेसेज: “डिअर, टीम खूप अपसेट आहे, थोडं सॉफ्ट करता येईल का?” मी नाही म्हटलं. संध्याकाळी त्यांनी मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. मग व्हिडिओवर कॉपीराइटचा क्लेम आला. त्यानंतर हिरोच्या फॅन पेजवर माझी वीस सेकंदांची क्लिप फिरली आणि घाणेरड्या कमेंट सुरू झाल्या. हे पेज कॉलेजात असताना आम्ही तिघींनीच काढलं होतं. त्यातली एक आता त्या एजन्सीत कामाला आहे, दुसरीकडे अजून पासवर्ड आहे. आता वेगळ्याच एका एजन्सीने येत्या सिनेमासाठी पैसे देऊ केलेत. अट एवढीच की “पेड लिहायचं नाही, ऑरगॅनिक वाटलं पाहिजे.” हे केलं तर परत सगळ्या याद्यांमध्ये येशील, असंही सुचवलंय. आई म्हणते, बंद कर हे सगळं. माझं काय चुकलं? आणि आता काय करू? व्हिडिओची लिंक सोबत देतेय. – स., सांगली’

प्रिय स.,

व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. दीड स्टार का दिला हे तू नीट सांगितलं आहेस. उत्तरार्धात पटकथा कुठे ढेपाळते, कुठली दोन गाणी काढली असती तर बिघडलं नसतं, हिरो रडताना आणि भांडताना एकाच चेहऱ्याने कसा वावरतो, हे सगळं उदाहरणं देऊन. त्याबद्दल कुणाची माफी मागायचं कारण नाही. पण मध्येच हसत हसत तू एक वाक्य टाकलं आहेस: ‘कुणाचा तरी काळा पैसा पांढरा करायलाच काढला असणार हा सिनेमा.’ ते आजच्या आज काढ.

पत्रात या वाक्याचा तू उल्लेखही केलेला नाहीस, म्हणून आधी तेच घेते. समोरच्यांचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. एरवी बदनामीचा कायदा समीक्षकाला बऱ्यापैकी सांभाळून घेतो, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४९९ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ झालं, पण त्याचा सहावा अपवाद तसाच राहिला. जी कृती कर्त्याने आपणहून लोकांच्या निवाड्यापुढे ठेवली, तिच्या गुणदोषांवर सद्भावनेने दिलेलं मत म्हणजे बदनामी नव्हे. रंगमंचावर उभा राहणारा नट किंवा गायक आपला अभिनय, आपलं गाणं असंच निवाड्यापुढे ठेवतो, असं उदाहरण कायद्यातच दिलंय. पुढची दोन उदाहरणं तर पाठ करून ठेवावीत अशी आहेत. ‘अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, तेव्हा अमका दुबळ्या बुद्धीचा असणार’ असं सद्भावनेने म्हटलेलं चालतं, कारण मत पुस्तकावरून निघालंय. ‘त्याचं पुस्तक मूर्खपणाचं निघालं यात नवल नाही, तो माणूसच दुबळा आणि लंपट आहे’ हे चालत नाही, कारण ते पुस्तकात कुठेच नाही, बाहेरून आणलेलं आहे. काळ्या पैशाचं तुझं वाक्य या दुसऱ्या जातीचं. पडद्यावर काळा पैसा दिसला नाही, वाईट सिनेमा दिसला.

त्यासाठी व्हिडिओ उतरवायची गरज नाही. यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये मधला तेवढा तुकडा कापता येतो. लिंक, व्ह्यूज, कमेंट सगळं जागच्या जागी राहतं. वर एक कमेंट पिन कर: निर्मितीच्या पैशांबद्दलचं विधान माझ्याकडे पुरावा नसताना केलं होतं, ते काढलं आहे, सिनेमाबद्दलचं मत कायम आहे. बस. एजन्सीला वेगळं कळवायला जाऊ नकोस.

आता यादी.

निमंत्रण बंद झालं याचं तुला जेवढं लागलंय तेवढं लागू देऊ नये असं माझं मत आहे, आणि ते मी अगदी कोरडेपणाने मांडते. प्रेस शो हा कंपनीच्या प्रसिद्धीच्या खर्चातला एक आकडा असतो. हॉल त्यांचा, समोसा-कॉफी त्यांची, दारात यादी घेऊन उभी असलेली मुलगी त्यांच्या पगारावर. लग्नाच्या पंगतीत जेवून वर वऱ्हाडाला नावं ठेवणाऱ्याकडे यजमान जसं बघतो, तसं ते आपल्याकडे बघतात. त्यांना बोलवायचा हक्क आहे, तसा न बोलवायचाही आहे. पंगतीत आणि प्रेस शोमध्ये फरक इतकाच की इथलं जेवण दुसऱ्या दिवशी तिकीट लावून सगळ्या गावाला विकलं जाणार असतं, आणि तू गावाच्या वतीने चव घ्यायला गेलेली असतेस.

त्यांची धास्तीही खोटी नसते. मराठी सिनेमाला शुक्रवारी मुळात शो थोडे मिळतात, तेही दुपारी बाराचे नाहीतर रात्री उशिराचे. शनिवार-रविवारी खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारी तेही हिंदी किंवा दाक्षिणात्य डब सिनेमाकडे जातात. निर्मात्याचे पैसे तीन दिवसांत ठरतात आणि तुझा व्हिडिओ त्या तीन दिवसांत येतो. ही भीती सगळीकडे आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘कंगुवा’ या तमिळ सिनेमावर पहिल्या शोपासून टीकेची झोड उठली, तेव्हा तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने थिएटरमालकांना सांगितलं की प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घेणाऱ्या यूट्यूबर्सना आवारात घेऊ नका. पुढच्याच महिन्यात निर्माते मद्रास उच्च न्यायालयात गेले. मागणी ही की पहिले तीन दिवस सोशल मीडियावर समीक्षाच नको. न्यायालयाने तशी बंदी घालायला नकार दिला. मत मांडणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं, असं सांगितलं. थोडक्यात, तुला दारातून आत घेणं त्यांच्या हातात आहे, पण तू तिकीट काढून आत गेलीस आणि बाहेर येऊन बोललीस, तर त्यावर बंदी मिळवणं इतकं सोपं नाही.

कंपनी मोठी असली की हेच किती टोकाला जातं, याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं प्रकरण डिस्ने आणि ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चं. ते जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या ‘काय चुकलं’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये त्या वर्तमानपत्राने डिस्नेलँड ज्या गावात आहे त्या अनाहाइमच्या नगरपालिकेवर एक वृत्तमालिका छापली. गावाने डिस्नेला कुठकुठल्या सवलती दिल्या याची ती झाडाझडती होती. त्यातली एक गोष्ट वाचताना मी थांबले होते. पर्यटकांच्या गाड्यांसाठी पालिकेने सार्वजनिक पैशांतून एक भलंमोठं पार्किंग बांधलं आणि ते डिस्नेला वर्षाला एक डॉलर भाड्याने दिलं. पार्किंगचे पैसे मात्र डिस्नेच्या खिशात. बातमी शहर विभागाची, लिहिणारा बातमीदार. शिक्षा कुणाला? सिनेमाच्या समीक्षकांना. नोव्हेंबरात वाचकांना पेपरातूनच कळलं की डिस्नेने या वर्तमानपत्राला आपल्या सिनेमांच्या आगाऊ खेळांना येऊ द्यायचं बंद केलंय. कंपनीचं म्हणणं, वृत्तमालिका एकतर्फी होती. पार्किंगवरून रुसवा आणि सुपरहीरोच्या सिनेमाचा पास बंद!

मग जे झालं ते आपल्याकडे कधी होताना मी पाहिलेलं नाही. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि बोस्टनच्या समीक्षक संघटना आणि अमेरिकेची राष्ट्रीय संघटना अशा चौघींनी मिळून जाहीर केलं की ही बंदी उठेपर्यंत डिस्नेचा एकही सिनेमा आमच्या वर्षअखेरच्या पुरस्कारांसाठी धरला जाणार नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कळवलं की तोवर आम्हीही तुमच्या आगाऊ खेळांना येणार नाही. ७ नोव्हेंबरला डिस्नेने बंदी मागे घेतली. ज्या दिवशी संघटनांचं पत्रक निघालं त्याच दिवशी.

म्हणजे यादीतून नाव जाण्याचा तुझ्या कामाच्या दर्जाशी संबंध असेलच असं नाही. ‘काय चुकलं’ हा प्रश्न स्वतःला विचारत बसायला लावणं हाच त्या ‘ग्रुपमधून काढण्या’चा उपयोग असतो. कारण कुणी सांगत नाही. मग पुढच्या वेळी दीडच्या जागी अडीच स्टार आपोआप होतात, कुणी सांगावंही लागत नाही. दुसरं असं की डिस्नेला वाकवलं ते ज्याचा पास गेला त्या पेपरने नव्हे. ज्यांचे पास शाबूत होते त्यांनी वाकवलं. त्या पुण्याच्या ग्रुपमध्ये तुझ्यासारखी आणखी पंधरा-वीस मुलं-मुली असतील. तुला काढल्याचं नोटिफिकेशन सगळ्यांना दिसलं असणार. एकानेही विचारलं का, हिला का काढलं म्हणून? विचारलं नसेल तर त्यांच्यावर चिडू नकोस, पण त्यातल्या दोघा-तिघांना फोन कर आणि सरळ विचार की उद्या तुझ्यावर ही वेळ आली तर मी बोलेन, तू बोलशील का. मराठी सिनेमावर बोलणाऱ्या यूट्यूबर्सची संघटना वगैरे आत्ता दूर राहू दे, तीन जणांनी ‘आम्ही तिकीट काढूनच बघणार’ असं ठरवलं तरी एजन्सीचं निम्मं बळ जातं.

जुन्या काळी हे काम जाहिराती करायच्या. १९९२ मध्ये ‘व्हरायटी’ या हॉलीवूडच्या व्यवसायपत्रात एका थ्रिलर सिनेमावर प्रतिकूल परीक्षण आलं म्हणून पॅरामाउंट स्टुडिओने त्या पत्राच्या जाहिराती बंद केल्या, आणि संपादकाने चक्क स्टुडिओकडे दिलगिरी व्यक्त केली. आपल्याकडे बाबूराव पटेलांचं ‘फिल्मइंडिया’ मासिक १९३५ पासून भल्याभल्यांची सालटी काढायचं, तर अभिनेत्री शांता आपटे छडी घेऊन त्यांच्या ऑफिसात थडकल्या होत्या असा किस्सा अजूनही चवीने सांगितला जातो. खरंखोटं देव जाणे, पण निदान त्यात समोरासमोर काहीतरी होतं. ‘डिअर, सॉफ्ट करता येईल का’ यात तेही नाही. (त्या मुलीवर मात्र राग धरू नकोस. तीही तुझ्याच वयाची असेल, आणि संध्याकाळी तिला वरच्यांना ‘नेगेटिव्ह किती, पॉझिटिव्ह किती’ अशी शीट भरून द्यायची असते.)

आता पैशांची गोष्ट, आणि इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही.

पैसे घेऊन जाहिरात करण्यात पाप काही नाही. तू पैसे घे, चांगले घे, पावती दे. प्रश्न फक्त ‘पेड लिहायचं नाही’ या तीन शब्दांचा आहे. याचंही एक पुरतं नोंदलेलं प्रकरण आहे. २०१४ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने आपल्या एका व्हिडिओ गेमसाठी यूट्यूबर्सना पैसे दिले. कुणाला काहीशे डॉलर, कुणाला हजारो. करारातच होतं की गेमबद्दल चांगलं बोलायचं आणि गेममध्ये काही बिघाड, अडखळ असेल तर ती दाखवायची नाही. पैसे मिळाल्याचा उल्लेख बहुतेकांनी केला तो व्हिडिओखालच्या वर्णनात, ‘आणखी दाखवा’ दाबल्याशिवाय दिसणारच नाही अशा जागी. ते व्हिडिओ ५५ लाखांहून जास्त वेळा पाहिले गेले. त्यातले ३७ लाख एकट्या प्यूडायपाय या नामांकित यूट्यूबरचे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी यंत्रणेने, कंपनीला धरलं. तिथे कारवाई कंपनीवर झाली, यूट्यूबर सुटले.

भारतात तू सुटशील असं गृहीत धरू नकोस. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही दंड करू शकतं. पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, शिवाय जाहिराती करायला पहिल्यांदा एक वर्षापर्यंत आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत बंदी. २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेचे आणि जानेवारी २०२३ पासून ग्राहक मंत्रालयाचे इन्फ्लुएन्सर्ससाठी स्पष्ट नियम आहेत: पैसे घेतले असोत, फुकट वस्तू असो, विमानाचं तिकीट नि हॉटेल असो, ते लोकांना पहिल्या झटक्यात दिसेल असं सांगायचं. हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. या नियमांची किती अंमलबजावणी होते हा वेगळा विषय. पण उद्या काही झालंच, तर ज्या एजन्सीने ‘लिहू नका’ सांगितलं ती व्हॉट्सॲपवर कुठेच सापडणार नाही. म्हणूनच असले प्रस्ताव बहुतेक फोनवर येतात, की ‘मेसेजवर नको, बोलू या’.

‘ऑरगॅनिक’ हा धंदा यूट्यूबच्याही आधीचा आहे, हे मात्र तुला गंमत म्हणून सांगते. २००० च्या सुमारास सोनीच्या सिनेमांच्या जाहिरातींत डेव्हिड मॅनिंग नावाच्या समीक्षकाची तोंडभरून स्तुती छापून यायची. कनेक्टिकट राज्यातल्या एका छोट्या साप्ताहिकाचा समीक्षक म्हणून. साप्ताहिक खरं होतं. समीक्षक नव्हताच, प्रसिद्धी विभागाने तो कागदावर जन्माला घातला होता. २००१ मध्ये ‘न्यूजवीक’ने हे उघड केलं, सोनीला राज्य सरकारला ३ लाख २६ हजार डॉलर भरावे लागले. त्याच सुमारास आणखी एक उघड झालं: एका सिनेमाच्या टीव्ही जाहिरातीत थिएटरबाहेर ‘वा, काय सिनेमा आहे’ म्हणणारे दोन प्रेक्षक सोनीचेच कर्मचारी होते. आपल्याकडे प्रीमियर सुटल्यावर दारात कॅमेरा आणि पाच-सहा रंगीत माइक उभे असतात ना? बाहेर येणारा डोळे चोळत असतो, अजून त्याला गाडी कुठे लावली तेही आठवलेलं नसतं, आणि माइक तोंडाशी येतो, ‘दोन शब्द?’ तिथे ‘पैसा वसूल, सहकुटुंब बघा’ याखेरीज कुणी काय बोलणार? तू अशा बाइट देतेस हे तुझ्या चॅनलवरच्या जुन्या रील्समध्ये दिसलं. देऊ नकोस. दारातली बाइट आणि दुसऱ्या दिवशीचा दीड स्टार, दोन्ही एकाच माणसाचे असले की त्या दोन्हींतलं काहीच कुणाला खरं वाटत नाही.

कॉपीराइट क्लेमचं. तुझ्या स्क्रीनशॉटवरून हा कंटेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याचं चित्र-गाणं आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम दिसतो, स्ट्राइक नव्हे. या दोघांत फार फरक आहे. क्लेम म्हणजे या व्हिडिओची कमाई समोरच्याकडे जाईल किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसणार नाही. चॅनलला धक्का नाही. स्ट्राइक मात्र ९० दिवसांत तीन झाले की चॅनल जातं. तू ट्रेलरचे आठ-दहा सेकंदांचे तुकडे वापरलेस, त्यावर बोललीस. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी केलेला रास्त वापर हा भंग धरला जात नाही. तेव्हा क्लेमवर हरकत घे, कारण म्हणून हेच लिही. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, आणि न दिल्यास क्लेम आपोआप सुटतो. पण ट्रेलर संपल्यावर मागे तू त्यांचं गाणं अख्खं दीड मिनिट वाजू दिलं आहेस. ते काढ. गाण्याच्या पार्श्वभूमीवर तू गाण्याबद्दल बोलतच नाहीयेस, मग त्याला समीक्षा कुठल्या तोंडाने म्हणणार?

त्यांनी पुढे जाऊन व्हिडिओ उतरवायला लावला आणि स्ट्राइक आला, तर प्रतिनोटीस देता येते. ती दिल्यावर समोरच्याने कामकाजाच्या दहा दिवसांत कोर्टात गेल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येतो. फक्त एक लक्षात असू दे. प्रतिनोटिशीत तुझं खरं नाव आणि पत्ता लिहावा लागतो आणि तो समोरच्याला जातो. ज्या लोकांच्या ओळखीच्या फॅन पेजवर तुला शिव्या पडताहेत त्यांना तुमच्या सांगलीच्या घराचा पत्ता देऊ नकोस. ती पायरी आलीच तर वकिलामार्फत जा. आणि थिएटरात बसून पडद्याचं शूटिंग कधीही करू नकोस, पाच सेकंदांची इन्स्टा स्टोरीसुद्धा नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यावर किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड आहे. समीक्षेचं नाव सांगून त्यातून सुटायला बघू नकोस.

राहिलं फॅन पेज. मला वाटतं, तुला सगळ्यात जास्त टोचलंय ते हेच. पत्रात तू एका ओळीत उरकलंस म्हणून तसं वाटतं.

मनोरंजन कंपन्यांना चाहते दोन रूपांत आवडतात: फुकट काम करणारे म्हणून आणि अंगावर सोडता येणारे म्हणून. तिसरं रूप, म्हणजे स्वतःचं डोकं असलेला चाहता, त्यांना झेपत नाही. २००० च्या अखेरीस वॉर्नर ब्रदर्सने हॅरी पॉटरच्या चाहत्यांना कायदेशीर पत्रं धाडली होती, वेबसाइटच्या नावात पॉटर का वापरलं म्हणून. त्या साइट चालवणारी बरीचशी शाळकरी मुलं होती. मुलांनी उलट सिनेमाच्या वस्तूंवर बहिष्कार पुकारला, वर्तमानपत्रं मुलांच्या बाजूने उभी राहिली आणि कंपनीला सबुरीने घ्यावं लागलं. तेव्हापासून पत्रं पाठवायची चाल मागे पडली आणि गोंजारायची आली. ट्रेलर लाँचला पहिली रांग, हिरोबरोबर एक फोटो, मग ‘सहा वाजता सगळ्यांनी एकदम हा हॅशटॅग’. तुमच्या पेजचं तेच झालंय. तुम्ही तिघींनी ते काढलं तेव्हा त्या हिरोचं जुनं नाटक, त्याच्या मुलाखती, असलं काहीतरी टाकत असाल. आता तिथे फक्त पोस्टर आणि काउंटडाउन येतं. मी जाऊन पाहिलं.

तुझी क्लिप एजन्सीतल्या मैत्रिणीनेच दिली असं तू गृहीत धरलेलं दिसतं. असेलही. पण तिला जाब विचारायला जाऊ नकोस, तिची नोकरी आहे आणि ती खरं सांगू शकणार नाही. जिच्याकडे पासवर्ड आहे तिला फोन कर, मेसेज नव्हे. पेजवरून ती पोस्ट काढ आणि कमेंट बंद कर, एवढंच माग. पेज परत मिळवायच्या फंदात पडू नकोस, ते आता तुझं राहिलेलं नाही. तुझ्या चॅनलवर ठरावीक शिव्या आपोआप अडवणारी यादी लाव. मराठी शिव्या रोमन लिपीत, तीन-चार स्पेलिंगांत घालाव्या लागतात, हे जरा किळसवाणं काम आहे, एखाद्या मित्राला सोबत बसव. ज्यांनी धमकी दिली किंवा अश्लील लिहिलं त्यांचे स्क्रीनशॉट तारीख आणि प्रोफाइलच्या लिंकसह ठेव आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाक. नुसत्या ‘तुला काय कळतं सिनेमातलं’वाल्यांना सोडून दे. त्यांना तेवढा हक्क आहे, जसा तुला दीड स्टारचा.

आई ‘बंद कर’ म्हणते ती सिनेमाबद्दल नाही म्हणत, कमेंटबद्दल म्हणते. तिने त्या वाचल्या असणार. तिला ही तक्रारीची पावती दाखव आणि पुढच्या शुक्रवारी तिला सोबत घेऊन जा, स्वतः काढलेल्या तिकिटावर. व्हिडिओ शुक्रवार सकाळऐवजी शनिवारी येईल. पहिल्याच आठवड्यात व्ह्यूज कमी होतील, हे खरं आहे, आणि ते भरून निघेलच असं मी सांगू शकत नाही. पण सांगली-मिरजेतला प्रेक्षक कुठल्या सीनला हसतो आणि कुठे मोबाइल काढतो, हे पुण्याच्या प्रेस शोमध्ये तुला कधी दिसलं नसतं.

आणि त्या दुसऱ्या एजन्सीला फोनवर उत्तर देऊ नकोस. मेसेजवर दे, असं काहीसं:

‘नमस्कार. प्रस्तावाबद्दल आभार. मी सशुल्क प्रमोशन करते. त्यात व्हिडिओच्या सुरुवातीला आणि शीर्षकात “जाहिरात” असं लिहिलेलं असेल. ज्या सिनेमाचं प्रमोशन करते त्याची समीक्षा करत नाही. हे मान्य असेल तर कामाचं स्वरूप आणि रक्कम ईमेलवर कळवा, मी बिल पाठवते. मान्य नसेल तर हरकत नाही.’

बहुतेक उत्तर येणार नाही. आलंच, तर अर्धी रक्कम आधी माग.